बांधातलं भोक

सीताफळांच्या चौथ्या ओळीमागे आमचा बांध आहे. त्या बांधाला उगवतीच्या अंगाने, जमिनीपासून वीतभर वर, एक भोक होतं. जुना रुपया अलगद आत जाईल एवढं. भोकाखाली मातीचा बारीक भुगा सांडलेला, जणू आत बसून कुणी रवा चाळतंय. श्रावणात मी त्याच्यासमोरून तीन-चार वेळा तरी गेलो असेन, पण माझं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं चुलतभावाचं, आणि तेही उशिरा. गवत कापायचं मशीन घेऊन तो बांधाला लागला, दोन हात गवत पडलं असेल नसेल, आणि मशीन तिथंच टाकून विहिरीकडे पळत सुटला. चार डंख. दोन पाठीवर, एक कानामागे, एक थेट भुवईवर. संध्याकाळपर्यंत डोळा मिटला.

"गांधील हाय बांधाला," ओल्या टॉवेलाखालून तो एवढंच म्हणाला.

शेजारचे तात्या चहाला आले होते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. "पेट्रोल वता अन् काडी लावा. बास."

"तात्या, पंधरा पावलांवर विहीर आहे."

"मग रॉकेल वता."

मी काहीच ओतलं नाही. त्यात शहाणपण किती आणि आळस किती, हे आता सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पक्षी बघायची दुर्बीण काढली, पंचवीस-तीस फुटांवर अंजिराच्या सावलीत पोतं टाकलं आणि त्या भोकावर नजर लावून बसलो. पुरंदरच्या त्या दीड एकरावर इतकी वर्षं येतोय, पण एकाच जागी दोन तास बसून काही पाहिल्याचं आठवत नाही.

पहिली बाहेर आली ती तोंडात मातीची गोळी घेऊन. ज्वारीच्या दाण्याहून लहान, ओलसर, गडद. भोकाच्या कडेला क्षणभर थबकली, मिशा हलवल्या आणि उडाली. दहा-बारा फुटांवर जाऊन हवेतच गोळी सोडली, गिरकी घेतली आणि परत आत. तिच्यामागे दुसरी, तिच्याही तोंडात गोळी. मग तिसरी. रस्त्याच्या कामावर पाट्या वाहणारी माणसं जशी एकमेकांना न धडकता ये-जा करतात तशी. तिकडून परतणाऱ्यांच्या जबड्यात कधी हिरवट लगदा, कधी काहीच नाही. इंचभर लांबीची तांबूस तपकिरी माशी, तोंड पिवळं आणि पोटावर हळदीचा रुंद पट्टा.

आपण मराठीत ज्या-त्या माशीला गांधील म्हणून मोकळे होतो. पडवीच्या वाशाला मुठीएवढं उघडं पोळं करणारी बारीक माशीही गांधील, झाडावर भोपळ्याएवढं करड्या कागदाचं घर टांगणारी काळी-पिवळी दांडगी माशीही गांधील. मोठ्या गांधिलींच्या जगभरात २२ जाती मानतात. आमच्या बांधातली त्यांपैकी 'व्हेस्पा ओरिएंटॅलिस', म्हणजे पौर्वात्य गांधील. लिनियसने तिला हे नाव १७७१ मध्ये दिलं. ग्रीस, इजिप्त, इस्रायल, इराण आणि तिथून थेट आपल्यापर्यंतचा कोरडा, उन्हाचा पट्टा हे तिचं माहेर. जमिनीतली पोकळी, भिंतीतलं भगदाड, उंदराचं सोडलेलं बीळ, काहीही तिला चालतं. जागा अपुरी पडली की ती खणते. त्या गोळ्या म्हणजे तळघराचं वाढीव खोदकाम होतं.

आणि आपण म्हणतो 'गांधील चावली'. चावायचे जबडे तिच्याकडे आहेत, मजबूत आहेत, पण ते खोदायला आणि भक्ष्याचा खिमा करायला. आपल्याला बसते ती नांगी, म्हणजे मुळात अंडी घालण्याची नळी. पिढ्यान् पिढ्यांत बदलत तिची विषारी सुई झाली. त्यामुळे डंख मारू शकते ती फक्त मादी. नर कितीही घोंघावला तरी त्याच्याकडे टोचायला काही नाही. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती आपल्या कातडीत रुतते आणि मधमाशी तिथंच मरते. गांधिलीची नांगी त्या मानाने गुळगुळीत. आत जाते, बाहेर येते, परत जाते. चुलतभावाच्या पाठीवरचे दोन डंख बहुधा एकाच बाईचे.

ऊन चढलं तसं मला पोतं सावलीकडे सरकवून घ्यावं लागलं. माणसं, गुरं, कावळे, सगळे आडोशाला गेले. बैलसुद्धा डोळे मिटून रवंथ करत उभा. भोकाशी मात्र गर्दी वाढली होती. सकाळी दहाला मिनिटाला पाच-सहा माश्या बाहेर पडत होत्या, साडेबाराला मोजताना माझी गफलत व्हायला लागली.

ही माझ्या उन्हाने तापलेल्या डोक्याची करामत नव्हती. तेल अवीव विद्यापीठातले याकोव इशाय या एका माशीमागे अनेक दशकं लागले होते. बाकीच्या बहुतेक गांधिली सकाळी लवकर कामाला लागतात, ही भर दुपारी सर्वांत जास्त राबते, विशेषतः खोदकामात, हे त्या निरीक्षणांतून पुढे आलं. मग तिच्या कातडीकडे लक्ष गेलं. २०१० मध्ये इस्रायली आणि ब्रिटिश संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तपकिरी भागावर अतिसूक्ष्म सऱ्यांच्या रांगा. नांगरलेल्या रानासारख्या, पण केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशा. उजेड त्या सऱ्यांत पडला की परत उसळून बाहेर जात नाही, अडकतो. पिवळ्या पट्ट्यात झँथोप्टेरिन नावाचं रंगद्रव्य, आणि ते प्रकाश शोषतं. संशोधकांनी तेच रंगद्रव्य वापरून प्रयोगशाळेत एक सौर घट तयार केला, आणि त्यातून वीज निघाली. अगदी थोडी, पडलेल्या प्रकाशाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण निघाली. म्हणून ही माशी सौरऊर्जेवर उडते, असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि तसे मथळे छापणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. तरीही, ज्या हळदी पट्ट्याला मी आदल्या दिवशी 'धोक्याची खूण' एवढंच समजत होतो, तो बॅटरीच्या दुकानात मांडता येईल असा निघाला, हे मला पोत्यावर बसल्या बसल्या पचायला वेळ लागला.

आत काय चाललं असेल ते दुर्बिणीतून दिसत नाही. ते वाचूनच कळतं, आणि वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून बांधाकडे बघितलं.

सुरुवात एकटीने होते. एक राणी, आदल्या हंगामातच फळलेली, नराचं बीज पोटातल्या पिशवीत जपून आणलेली. छताला एक देठ चिकटवते, त्या देठाला खाली तोंड केलेले षट्कोनी कप्पे जोडते, प्रत्येकात एक अंडं घालते. पहिल्या मुली मोठ्या होईपर्यंत शिकारही तीच करते, झाडलोटही तीच, पहाराही तीच. मुली हाताशी आल्या की ती घरात बसते ती कायमची. मग पहिल्या मजल्याखाली छोटे खांब टांगून दुसरा मजला, त्याखाली तिसरा. आपण पाया घालून वर जातो. इथं कळस आधी, आणि पाया कधीच नाही. मजले वाढवायचे तर खालची माती काढलीच पाहिजे, म्हणून त्या गोळ्या.

बांधकामाचं साहित्य म्हणजे लाकडाचे आणि पालापाचोळ्याचे तंतू, मातीचे कण आणि लाळ. गांधिली लाकूड खरवडून कागद करतात, हे फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूर याने १७१९ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे मांडलं होतं. चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद होईल, या माश्यांकडून शिका, असं त्याचं म्हणणं. माणसाने ते अमलात आणायला सव्वाशे वर्षं घेतली. आज ही ओळ ज्या जातीच्या कागदावर छापली जाते, त्याचा कारखाना वाशाला आधीपासूनच लटकत होता.

पण कागद ठीक आहे. मला वेड लावलं ते छतातल्या खड्यानं.

अंधारात, जमिनीखाली, शेकडो कप्पे बांधायचे आणि सगळे एकाच दिशेला, एकाच पातळीत. हातात ओळंबा नाही, पाणसळ नाही. इशाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, की पौर्वात्य गांधिलीच्या कप्प्यांच्या छतात, मधोमध, लाळेने चिकटवलेला एक सूक्ष्म स्फटिक असतो. उघड्या डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. तपासल्यावर तो लोह आणि टायटॅनियम असलेल्या चुंबकीय खनिजाचा निघाला: इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू चमकते, तिच्यातही हेच खनिज असतं. मातीच्या लाखो कणांतून माशी हा एक कण निवडते, उचलते आणि कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा छतात बसवते. हे खडे बांधणाऱ्यांना कप्प्याचा मध्य आणि रांगेची दिशा दाखवत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. आमच्याकडे गवंडी मुहूर्ताला पायात नाणं ठेवतो, आणि त्याचा उपयोग काय हे विचारायचं नसतं.

भुकेलं पोर आईला हाक मारतं तशी तिथली अळीही मारते. कप्प्याच्या भिंतीवर ती डोकं आणि जबडा घासते, खर्र खर्र. पोळ्याजवळ संवेदनशील ध्वनिमुद्रक ठेवला की हा आवाज टिपता येतो. दाया धावतात. आणलेल्या सुरवंटाचा, माशीचा, टोळाचा चावून केलेला लगदा तिच्या तोंडात भरवतात. आता गंमत बघा. मोठ्या गांधिलीची कंबर इतकी बारीक की तिच्यातून घन घास पोटात उतरतच नाही. शिकार करते ती, पण ती स्वतः ते मांस खाऊ शकत नाही. अळी खाते, पचवते आणि बदल्यात तोंडातून गोड, अमिनो आम्लांनी भरलेला रस देते. तो पिऊन दाई पुन्हा शिकारीला निघते. आई लेकराला भरवते हे सगळीकडे पाहिलंय, लेकराच्या तोंडून आईचं पोट भरतं हे मी पहिल्यांदाच वाचलं. जपानमध्ये ताकाशी आबे यांनी तिथल्या राक्षसी गांधिलीच्या अळ्यांच्या या रसाचा अभ्यास केला. त्यातल्या अमिनो आम्लांचं मिश्रण बेतून काढलेलं खेळाडूंचं पेय १९९५ पासून तिथं बाजारात आहे.

याचा दुसरा अर्थ असा, की घरात अळ्या उरल्या नाहीत तर मोठ्यांची खाण्याची आबाळ होते. मग मोठ्या माश्या गोडाकडे वळतात. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला, मिठाईवाल्याच्या परातीवर, झाडाखाली पडून सडलेल्या सीताफळावर. आमच्या चौथ्या ओळीखाली ती आंबूस वास मारणारी फळं पडलेली असत आणि प्रत्येकात डोकं खुपसून दोन-तीन जणी. फळ आंबलं की त्यात दारू होते. या माशीला ती चढत कशी नाही, हाही प्रश्न तेल अवीवमध्येच कुणाला तरी पडला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला साखरेच्या पाण्यात वाढत्या प्रमाणात अल्कोहोल घालून पाजलं, ८० टक्क्यांपर्यंत. आयुष्य घटलं नाही, वागणं बिघडलं नाही, बांधकामात खोट आली नाही. अल्कोहोल मोडणाऱ्या विकराचं जनुक तिच्याकडे एकाहून अधिक प्रतींत आहे. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मधपाळांना यातलं काहीच गोड वाटणार नाही. महाबळेश्वरच्या बाजूला सातेरीच्या पेट्या ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, पेटीच्या दारासमोर हवेत स्थिर राहून परतणारी एकेक मधमाशी झेलणारी गांधील म्हणजे दारात उभा असलेला सावकार. पण सातेरीही लेचीपेची नाही. तिच्याच जातीची जी जपानी मधमाशी आहे, तिचा डाव १९९५ मध्ये मोजून नोंदवला गेला. शिरलेल्या गांधिलीवर शेकडो मधमाश्या एकदम तुटून पडतात, तिला मधे घेऊन गच्च गोळा करतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. गोळ्याच्या गाभ्यात ४६-४७ अंश. गांधील तेवढ्यावर मरते, मधमाशी दोन-एक अंश जास्त सोसते. त्या दोन अंशांवर पोळं वाचतं.

आमची बांधातली माशी उन्हाची लेक. तिला या आगीचं काय? सायप्रसमधल्या मधमाश्यांना हाच पेच होता, कारण तिथली शत्रू हीच पौर्वात्य गांधील. त्यांनी डाव बदलला. त्या गोळा करतात, पण भाजायला नव्हे. गांधिलीच्या पोटाच्या बाजूला श्वासाची छिद्रं असतात. ती उघडी राहू नयेत म्हणून त्या पोट दाबून धरतात आणि तिला गुदमरवून मारतात. हे २००७ मध्ये कळलं. उष्णतेनं मरणार नाही हे ज्यांना 'कळलं', त्यांच्या मेंदूचा आकार तिळाएवढा असतो.

आता बांधाकडे येऊ. मी श्रावणात तीन-चारदा समोरून गेलो आणि मला काही झालं नाही, चुलतभावाला चार डंख. फरक मशीनचा. जमिनीत घर असलेल्या माशीला आपली सावली फारशी खुपत नाही, हादरा खुपतो. ट्रॅक्टर, गवत कापायचं यंत्र, कुदळीचा घाव, भोकावर पाय. पहारेकरणी तेवढ्यासाठीच दारात असतात. आणि एक डंख बसला की गोष्ट तिथं थांबत नाही, कारण गांधिलीच्या विषातच धोक्याचा वास असतो. जिथं डंख बसला तिथं तो वास राहतो, आणि घरातल्या बाकीच्या त्या वासावर येतात. हाताने चिरडलेली माशी म्हणजे आपल्याच अंगावर लावलेला झेंडा. म्हणून झटकत उभं राहायचं नाही, मारायचं तर नाहीच. तोंड झाकून सरळ पळायचं आणि दार असलेल्या खोलीत शिरायचं. चुलतभाऊ विहिरीकडे पळाला ते अंतर पडलं म्हणून ठीक. पाण्यात उडी घेणं मात्र सिनेमात बरं, श्वासाला वर यावंच लागतं.

तात्यांचा दुसरा तोडगा होता भोक लिंपून टाकायचा. त्यावर मला त्या दिवशीच्या गोळ्या आठवल्या. माती काढणं हाच जिचा धंदा, तिच्या दारात माती कोंबून काय होणार? ती दुसरं दार काढेल आणि ते कुठं काढेल ते आपल्याला ठाऊक नसेल. पेट्रोल-रॉकेलचं तर नावच नको. ते जमिनीत मुरतं, विहिरीत उतरतं, वाळल्या गवताला आग लागते ती वेगळी, आणि ओतणारा माणूस भोकाच्या तोंडाशी उभा असतो.

आम्ही केलं ते फार सोपं होतं. भोकाभोवती पंधरा फुटांवर चार बांबू रोवले आणि त्यांना जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. चिंध्या माणसांसाठी, कारण लाल रंग या माश्यांना नीट दिसत नाही. तेवढ्या भागातलं गवत कापलं नाही. पाण्याची पाळी दुसऱ्या बाजूने फिरवली. पडलेली सीताफळं रोज सकाळी लवकर, माश्यांची वर्दळ वाढायच्या आत, गोळा करून लांब खड्ड्यात पुरली. तेवढ्यावर ओळीखालची गर्दी चार दिवसांत निम्म्यावर आली.

हे जमलं, कारण बांध घरापासून लांब आहे. गांधिलीचं घर दारात असतं, गोठ्याच्या भिंतीत असतं, किंवा पोरांच्या शाळेच्या वाटेवर असतं, तर मी तिथं दुर्बीण घेऊन बसलो नसतो. तेव्हा ते काढावंच लागतं. पण ते काम पूर्ण अंगभर जाळीचा पोशाख असलेल्या, सराव असलेल्या माणसाचं. अंधार पडल्यावर, सगळ्या घरी परतल्यावर, भोकात कीटकनाशकाची भुकटी. विजेरीला लाल कागद, नाहीतर त्या उजेडावर येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ये-जा पाहायची, ती थांबली तरच खणायचं.

विषाबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण इथं चेष्टा नाही. डंख बसला की आमच्याकडे लोखंड घासतात, चुना लावतात. विष सुईने आत गेलेलं असतं, वरचा लेप तिथं पोचत नाही. थंड पाण्याची पट्टी किंवा बर्फ, बोटात अंगठी असेल तर सुजायच्या आत काढणं, एवढं बहुतेकांना पुरतं. पण काहींच्या शरीराला त्या विषाचं वावडं असतं. अंगभर गांधी उठतात (हा शब्द माशीच्या नावाला किती चिकटून आहे पाहा), ओठ-जीभ सुजते, श्वास घुसमटतो, गरगरतं. हे काही मिनिटांत होतं, आणि तिथं उपाय एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. तेव्हा गाडी काढायची, लोखंड शोधायचं नाही. दुसरा धोका वावड्याचा नाही, संख्येचा आहे. दहा-वीस किंवा त्याहून जास्त डंख बसले तर विष स्नायू आणि तांबड्या पेशी फोडतं, तो गाळ मूत्रपिंडात अडकतो. माणूस संध्याकाळी ठीक वाटतो आणि दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणून अशा माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचं. २०१३ मध्ये चीनच्या शांक्सी प्रांतात गांधिलींच्या हल्ल्यांत ४० हून अधिक माणसं गेली आणि दीड हजारांवर जखमी झाली. त्यांत शेतात राबणारे बरेच होते.

चुलतभावाचा डोळा तिसऱ्या दिवशी उघडला. त्याने बांबू बघितले, चिंध्या बघितल्या आणि म्हणाला, "देवस्थान केलंस की रं."

कार्तिकापासून वर्दळ कमी होत गेली. दुर्बिणीतून आता वेगळ्या माश्या दिसायला लागल्या, जरा मोठ्या, कामाला न लागणाऱ्या. नर आणि पुढच्या वर्षीच्या राण्या. नरांना बाप नसतो, ते न फळलेल्या अंड्यातून येतात. या मंडळींनी घर सोडलं की ते घर संपतं. एकदा वेड्या राघूंची जोडी तारेवर येऊन बसली आणि भोकातून निघणाऱ्या एकेकीला उचलून, तारेवर आपटून, नांगी घासून काढून गिळत राहिली. त्यांना कुणी लोखंड घासायला सांगितलं नव्हतं.

पौषात सलग आठ दिवस एकही माशी आली-गेली नाही, तेव्हा आम्ही खणलं. तात्या कुदळ घेऊन आले आणि आधी चार ढेकळं भोकात फेकून पाच मिनिटं लांब उभे राहिले, ते बरोबरच होतं. आत कलिंगड मावेल अशी पोकळी. पाच मजले. वरचा बशीएवढा, मधले पसरट, खालचा पुन्हा लहान. मजल्यामजल्यांत बोट जाईल एवढं अंतर, खांब करवंदाच्या देठासारखे. काही कप्प्यांवर रेशमी पांढरी टोपी तशीच. अळीनं कोश करताना विणलेली आणि कुणीच न फोडलेली. तात्यांनी वरचा मजला तळहातावर घेऊन तोलला. "काहीच वजन न्हाई," ते म्हणाले, आणि परत दिला तो दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा.

तो आता पडवीतल्या फळीवर आहे. मी भिंगातून एकेक कप्प्याचं छत बघत असतो. मधोमध एक काळा ठिपका दिसतो, कधी तो खडा वाटतो, कधी नुसती चिकट माती. शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक जवळ नेलं तर काही हलत नाही, लाळ पक्की आहे.

फळीच्या वर, पंचांगाच्या खिळ्याशी, फाल्गुनात एक कुंभारीण माशी यायला लागली. ही एकटीची. ना राणी ना दासी. ओल्या मातीचं मडकं करते, आत एक अंडं टांगते, मग नांगीने लुळं केलेले सुरवंट भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. सुरवंट मेलेले नसतात, ताजे राहतात. अंड्यातली अळी ते खाऊन मोठी होते आणि एक दिवस मडकं फोडून नवी कुंभारीण बाहेर येते. आत सुरवंट गेला, बाहेर माशी आली. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपल्या २४ गुरूंत हिलाही धरलंय: भयाने तिचं ध्यान करता करता किडा तिचंच रूप होतो. एकनाथांनी त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, आणि हिचा, म्हणजे भृंगीचा, किडा घरोघर पोचला. निरीक्षण चोख होतं, फक्त मडक्याच्या आत डोकावलेलं नव्हतं. मी डोकावून पाहिलंय, आणि तरी मला ते ध्यानच जास्त पटतं, हे तात्यांना सांगितलं नाही.

काल सकाळी तिने पंचांगाच्या खिळ्यावरचं मडकं अर्धं सोडलं. दुपारी पाहिलं तर फळीवर, गांधिलीच्या पहिल्या मजल्याला टेकून, नवी ओली कड उभी राहत होती. सीताफळांकडे जाणाऱ्या पाटाच्या कडेची माती होती ती, रंगावरून ओळखू आली.